डिपस्टिक नसलेल्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल कसं तपासतात?

गेल्या पावसाळ्यात मी एक वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. महिन्याभरातच त्रास सुरू झाला. सकाळी रिव्हर्स टाकला की दोन सेकंद काहीच व्हायचं नाही, मग एकदम झटका. बॉनेट उघडून पाहिलं, इंजिन ऑइलची पट्टी सापडली, पण गिअरबॉक्सची कुठेच नाही.

जवळच्या गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि इंजिन बंद असतानाच खालचा बोल्ट उघडला. भळाभळा ऑइल आलं. "साहेब, ऑइल भरपूर आहे, उलट जास्तच होतं," असं म्हणून त्याने ते वाहू दिलं. आठवड्याभरात चढावर आरपीएम वाढायचा, पण गाडी पुढे सरकेना. ऑइल आधीच कमी होतं. तपासण्याच्या नादात ते आणखी कमी झालं!

पट्टी नाही, मग लेव्हल कळते कशी?

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो ना, तसंच समजा. अशा अनेक गिअरबॉक्समध्ये तळाच्या पॅनच्या आत एक छोटी उभी नळी असते. ऑइल नळीच्या तोंडापर्यंत असेल, तर खालचा चेक बोल्ट उघडल्यावर जादाचं तेवढं बाहेर येतं. काहीच आलं नाही, तर लेव्हल कमी.

पण हे गणित तीन अटींवर चालतं.

१. इंजिन चालू हवं. इंजिन चालू असताना पंप बरंचसं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये खेळवतो. बंद केलं की त्यातलं ऑइल पॅनमध्ये उतरतं आणि लेव्हल खोटी वर दिसते. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं.

२. तापमान ठरलेलं हवं. ऑइल तापलं की फुगतं. थंड असताना तपासलं तर कमी दिसतं आणि मग जास्त भरलं जातं. फार गरम असताना तपासलं तर जास्त वाहून जातं. अनेक मॉडेलमध्ये ही मर्यादा साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. तापमान स्कॅनर लावून बघायचं, हाताच्या अंदाजाने नाही.

३. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. पुढचीच बाजू जॅकवर उचलली, तर लेव्हल चुकलीच म्हणून समजा.

प्रत्यक्षात काय करतात?

- गाडी लिफ्टवर सपाट घेऊन इंजिन चालू करतात.
- ब्रेक दाबून गिअर पी, आर, एन, डी असा प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवतात आणि परत पी वर आणतात.
- तापमान मर्यादेत आलं की चेक बोल्ट उघडतात.
- धार येऊन हळूहळू थेंबांवर आली, की लेव्हल बरोबर. काहीच आलं नाही, तर वरच्या फिलर बोल्टमधून ऑइल भरतात, थेंब पडायला लागेपर्यंत.
- नवा वॉशर लावून ठरलेल्या टॉर्कने बोल्ट आवळतात.

एक नियम कायम लक्षात ठेवा: ऑइल बदलताना खालचा बोल्ट काढण्याआधी वरचा फिलर बोल्ट उघडतोय की नाही, ते बघा. तो जाम असेल आणि ऑइल सगळं सांडलं, तर गाडी तिथेच अडकते.

घरी काय बघाल?

चालू इंजिनाच्या गाडीखाली जॅकच्या भरवशावर अजिबात शिरू नका. हे काम लिफ्टवरच होऊ द्या. घरी पार्किंगमध्ये तेलाचा डाग पडतोय का, गिअर लागायला उशीर होतोय का, एवढं बघा. बाहेर आलेलं ऑइल काळपट असेल, जळका वास येत असेल, तर नुसतं टॉप-अप करून भागणार नाही.

सीव्हीटी आणि डीसीटीची ऑइलं वेगळी, तपासायची पद्धतही वेगळी असू शकते. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र सहसा इंजिन बंद ठेवून बाजूच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आहे का, ते बघतात.

माझी गाडी शेवटी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी आधी स्कॅनर लावला, मग बोल्टला हात घातला. एक लिटरहून जास्त ऑइल बसलं आणि झटका गेला. तेव्हापासून गाडी गॅरेजमध्ये सोडताना मी एकच प्रश्न विचारतो: "किती तापमानाला तपासणार?" उत्तर आलं नाही, तर चावी परत खिशात!