पिकअप उडते म्हणून पाटे बदलताय? आधी हे समजून घ्या

फळं, अंडी, कोंबडी, मासळी, भंगार, फर्निचर, मंडपाचं सामान. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांचा खर्च एका पिकअपवर चालतो. गाडी बहुतेक वेळा कर्जावर घेतलेली असते आणि चालवणारा घरचाच माणूस असतो, अब्बा किंवा मोठा भाऊ. पहाटे माल भरून मार्केटला जायचं, दुपारी रिकामं परतायचं. भरलेली गाडी रस्त्याला धरून चालते, पण रिकामी परतताना प्रत्येक खड्ड्यात असा दणका देते की घरी आल्यावर कंबर धरून उतरावं लागतं.

मग गॅरेजमध्ये दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक म्हणतो, "मिस्त्री, गाडी लई उडते, एक पाटा काढून टाका." दुसरा म्हणतो, "माल भरला की मागून बसते, दोन पाटे वाढवा." दोघांचा त्रास खरा आहे, पण दोघांचा उपाय धोक्याचा आहे. म्हणून गाडी नरम करायची तर कुठून सुरुवात करावी, ते आपण क्रमाने पाहू.

रिकामी गाडीच का उडते?

पिकअपच्या मागच्या एक्सलवर लोखंडी पाटे असतात. ते पूर्ण माल पेलण्यासाठी बनवलेले असतात. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या एक्सलवर ७०० किलो वजन आहे आणि माल भरल्यावर ते २,००० किलो होतं. पाटे तेच, वजन मात्र जवळपास तिप्पट. २,००० किलोला पुरेल इतका कडक पाटा ७०० किलोला वाकतच नाही. मग खड्ड्याचा धक्का पाट्यात जिरत नाही, तो सरळ चासीत आणि तिथून सीटवर येतो.

म्हणजे रिकामी गाडी थोडी उडणार हे मालवाहू गाडीच्या बनावटीतच आहे. ती कारसारखी होणार नाही. पण बऱ्याच गाड्या असायला हव्यात त्यापेक्षा जास्त उडतात, आणि तो जास्तीचा त्रास कमी करता येतो.

आधी स्वस्तातल्या गोष्टी

पहिली गोष्ट हवेची. भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरमध्ये जास्त हवा लागते. तीच हवा ठेवून रिकामी गाडी पळवली की टायर चेंडूसारखा उसळतो. गाडीच्या पुस्तकात किंवा दरवाजाजवळच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे दिले असतील, तर ते पाळावेत. त्याच्या खाली मात्र जाऊ नये. कमी हवेत टायर तापतो आणि माल भरल्यावर फुटू शकतो.

दुसरी गोष्ट शॉकअपची. वजन पाटा पेलतो, शॉकअप फक्त झोका थांबवतो. शॉकअप गेला की गाडी एका खड्ड्यात तीनदा डुलते. पिकअपचे पाटे कडक असल्यामुळे गाडी हाताने दाबून शॉकअपचा नेमका अंदाज येत नाही. त्यापेक्षा त्यावर तेल ओघळलंय का ते बघा. टायरवर हात फिरवा. ठिकठिकाणी खोलगट झीज लागत असेल, तर शॉकअपवर संशय घ्यायला जागा आहे. बदलायचे तर डावा-उजवा जोडीनेच बदला.

तिसरी गोष्ट बुश आणि ग्रीसिंग. पाट्याच्या टोकाला शॅकल असतो. पाटा दबला की लांब होतो, आणि त्या लांबीला शॅकल वाट देतो. पिन गंजून जाम झाली की पाटा अडकतो आणि गाडी दगडासारखी चालते. ग्रीसची निपल असेल तिथे वेळच्या वेळी ग्रीस भरणं हा सगळ्यात कमी खर्चाचा उपाय आहे. रबरी बुश फाटले असतील तर बदलून घ्या. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात, पण ते कडक असतात. आराम हवा असेल तर रबरच बरं.

चौथी गोष्ट पाट्यांमधला गंज. गाडी दबताना पाटे एकमेकांवर सरकायला हवेत. मध्ये गंज आणि माती बसली की सगळे पाटे मिळून एक जाड पट्टी झाल्यासारखे वागतात. पाटे उतरवून साफ केले आणि झिजलेले लाइनर बदलले, तर लहान खड्ड्यांतला फरक लगेच कळतो.

पाटा वाढवला की काय होतं?

सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत तसाच एक वाढवला तर कडकपणा साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. जाडीचा हिशेब मात्र वेगळा आहे. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर त्या एका पाट्याचा कडकपणा जवळपास दुप्पट होतो. "थोडाच जाड आहे भाई" म्हणून बसवलेला पाटा कंबरेला किती महागात पडतो, ते यावरून समजेल.

याहून मोठा प्रश्न ब्रेकचा आहे. काही गाड्यांच्या मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली आहे यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवून गाडी उचलली की माल भरलेला असूनही व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते. मग मागचा ब्रेक कमी लागतो. घाटात उतरताना याचा अर्थ काय होतो, हे चालवणाऱ्याला सांगायला नको.

आणि पाटा वाढला म्हणून एक्सल, बेअरिंग, टायर आणि चासी यांची ताकद वाढत नाही. पाटा काढणं हाही उपाय नाही. उरलेल्या पाट्यांवर ताण येतो आणि भरल्या गाडीत मुख्य पाटाच तुटू शकतो.

बदल करायचाच असेल तर

गाडी बहुतेक वेळा अर्ध्या मालावरच चालत असेल, तर पॅराबोलिक पाटे विचारात घ्यावेत. ते मध्ये जाड आणि टोकाकडे पातळ होत जातात. संख्या कमी, एकमेकांवर घासणं कमी, त्यामुळे चाल नरम. पण ते त्याच मॉडेलच्या वजनासाठी बनवलेले असले पाहिजेत. दुसरा प्रकार हेल्पर पाट्याचा. तो रिकाम्या गाडीत टेकतच नाही, माल भरल्यावरच कामाला लागतो.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत मोठ्या पिकअपना मागे हवेच्या पिशव्या बसवतात. भरल्या गाडीला त्याचा फायदा होतो, पण कडक पाटा तसाच ठेवला तर रिकाम्या गाडीला पिशवीने आराम मिळत नाही. रॅम २५०० या गाडीला तर २०१४ च्या मॉडेलपासून मागे पाट्यांऐवजी कॉईल स्प्रिंग आले.

पाट्याचं कोणतंही काम केलं की यू-बोल्ट नवे घ्या आणि काहीशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा कसून घ्या. यू-बोल्ट सैल राहिला की पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. शिवाय सस्पेन्शन कितीही नरम केलं तरी लग्नाला किंवा उरुसाला माणसं हौद्यात बसवून नेणं सुरक्षित होत नाही. हौदा मालासाठी आहे.

तेव्हा या वेळी गॅरेजला गेलात तर "पाटा वाढवा" किंवा "पाटा काढा" म्हणू नका. "हवा, शॉकअप, बुश आणि पाट्यांचा गंज बघा, मग सांगा" असं म्हणा. चांगला मिस्त्री त्याच क्रमाने जाईल. आणि रोज गाडी चालवणाऱ्या घरच्या माणसाला आज एकदा विचारा, कंबर कशी आहे. गाडीचं काम काढायचं की नाही, ते त्याच्या उत्तरावरून ठरेल.