वादळप्रवण किनाऱ्यावरील पवनशक्तीचे मूल्यमापन

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तर पवनचक्कीवरील दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा ३० मीटरवर गेला, तर शक्ती १२५ पट आणि दाब २५ पट होतो. तथापि ही वाढीव शक्ती हाती लागत नाही. कारण वेग सुमारे २५ मीटर होताच बहुतेक मोठ्या पवनचक्क्या आपोआप थांबविल्या जातात. दाब मात्र थांबलेल्या यंत्रासही सोसावा लागतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटरहून अधिक होता. वर्षाच्या ८,७६० तासांत असे तास अगदी थोडे; त्यामुळे वार्षिक सरासरीत त्यांचा मागमूसही उरत नाही. सरासरीवरून उत्पन्न कळते, यंत्राचा टिकाव कळत नाही.

म्हणून कोकणात जागा निवडताना दोन स्वतंत्र गणिते मांडावयास हवीत : एक, वर्षभरात मिळणाऱ्या विजेचे, दुसरे, पन्नास वर्षांतून एकदा संभवणाऱ्या कमाल वेगाचे. दुसऱ्यासाठी वर्षा-दोन वर्षांचे मापन अपुरे पडते. तेथे वेधशाळांच्या दीर्घकालीन नोंदीच पाहाव्या लागतात. या कसोटीस जागा न उतरल्यास अधिक भक्कम यंत्र योजावे, अथवा ती जागा सोडावी, हेच श्रेयस्कर होय.