काळ्या रानाचे वर्ष

भालकी हा कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातला, लातूर जिल्ह्याला लागून असलेला तालुका. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुकेही त्या काळी बीदर जिल्ह्यातच मोडत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा हे तीन तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात गेली. सीमा आखली गेली तरी सोयरिकी आणि उदगीरच्या बाजाराची वाट मोडली नाही. राजधानी बंगळूर इथून सुमारे 700 किलोमीटर दूर आहे, तर उदगीर तासा-दीड तासाच्या अंतरावर. म्हणूनच सीमेवरच्या खेड्यांत घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी असा तीन भाषांचा व्यवहार एकाच दिवसात होतो.

इथली शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावरची. मृगाचा पाऊस पडला की मूग, उडीद, सोयाबीन आणि तूर पेरतात. मूग-उडीद श्रावण-भाद्रपदात हाती येतात, त्यांच्यावर घरखर्च निभतो. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास निघते. तूर मात्र हिवाळ्यापर्यंत रानात उभी असते. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून पाऊस सरल्यावरही ज्वारी आणि हरभरा त्या ओलीवरच वाढतात. ज्वारीची भाकरी माणसांना आणि कडबा जनावरांना, असे एकाच पिकावर दोघांचे भागते. सोयाबीनचे रान वाढले तसा कडबा कमी झाला आणि बैल सांभाळणे महाग पडू लागले. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली देवणी जात याच पट्ट्यातली. तिचे बैल कामाला दणकट आणि गाय दुधालाही चांगली. पेरणीच्या तोंडावर, ज्येष्ठी पौर्णिमेला, कारहुणवीच्या सणात बैल सजवतात.

वर्षातला सर्वांत मोठा रानसण म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येची येळवस. ‘एळ्ळ अमावास्ये’ या कन्नड नावाचे हे मराठी तोंडी रुळलेले रूप. लातूर-धाराशिवकडेही हा सण होतो. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, पांडवांचे पाच दगड मांडून पूजा करतात आणि ज्वारीला नैवेद्य दाखवतात. त्या दिवशीच्या जेवणातल्या भज्जीत वाल, तूर, हरभरा यांचे ओले दाणे आणि रानातल्या भाज्या एकत्र शिजतात. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताकातली आंबील असते. ज्यांना शेत नाही, त्यांनाही आग्रहाने रानात जेवायला बोलावतात.

मांजरा आणि तिची उपनदी कारंजा यांच्या काठी चित्र वेगळे आहे. तालुक्यातल्या ब्याळहळ्ळीजवळ कारंजावर धरण आहे. जिथे पाणी पोचते तिथे ऊस होतो. हुणजी येथे महात्मा गांधी सहकारी साखर कारखाना आहे. माळावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र एका हंगामाचा पाऊस चुकला की वर्ष हातचे जाते. अशा वर्षी घरातला एखादा माणूस कामासाठी हैदराबाद किंवा पुण्याची वाट धरतो आणि पेरणीच्या सुमारास गावी परततो.