बोटावरचा आकडा, छातीतले टाके

कर्करोग झालेला अन्ननलिकेचा भाग काढल्यावर जठराचीच लांबट नळी करून ती वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. छातीत जोड देण्याची आयव्हर लुईस यांची १९४६ची पद्धत आजही रुळलेली आहे. नळी करताना जठराच्या बहुतेक रक्तवाहिन्या बांधून कापाव्या लागतात. सारी भिस्त उरते ती जठराच्या मोठ्या वळणालगतच्या एका धमनीवर, आणि ती नळीच्या टोकापर्यंत पोचत नाही. जोड नेमका त्याच टोकाला!

जखम भरायला कोलॅजन हे प्रथिन लागते आणि ते घट्ट विणायला प्राणवायू. ऑक्सिमीटरवर ९७ दिसले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. पण तो आकडा बोटातल्या रक्ताचा असतो. रक्तदाब घसरला, तर ९७ कायम असतानाही नळीचे टोक उपाशी राहू शकते. म्हणून हल्ली अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेच्या वेळीच शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग देतात आणि खास कॅमेऱ्यातून त्याची चमक कुठवर पोचते ते पाहतात.

जोड गळण्याची भीती पहिल्या दहा दिवसांत जास्त. ताप, जलद नाडी, धाप, आणि तोच आकडा ९७वरून ९१वर आला, तर डॉक्टरांना लगेच बोलवा. काही वेळा जोड मानेत देतात; तो अधिक वेळा गळतो, पण बहुधा निभावते; छातीतला गळला तर जिवावर बेतू शकते.

विडी-सिगारेट शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी सुटलीच पाहिजे. निकोटीनने रक्तवाहिन्या आक्रसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला तो फरक कळत नाही.