काका, कोपऱ्यात जा!

आपल्यापैकी प्रत्येकाची एक पार्ट टाइम नोकरी असते. पगार शून्य, सुट्टी नाही, प्रमोशनचा तर प्रश्नच नाही. पोस्टचं नाव : खानदानाचा कॉम्प्युटरवाला. तुम्ही बी.कॉम. केलेलं असो की एचआरमध्ये असा, दिवसभर स्क्रीनसमोर बसता ना? मग बास! आत्याचा प्रिंटर, मामाचा पासवर्ड, सगळं तुमच्याच गळ्यात. या नोकरीत माझा खरा कस लागला तो विंडोज 8 च्या रंगीबेरंगी टाइल्सपायी. आणि तोही फोनवरून, पुण्याहून थेट सातपुड्यातल्या मोलगीपर्यंत!

मोलगी म्हणजे नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढायचा की आलं. उन्हाळ्यात इथे घरोघरी कैऱ्या सोलून, चिरून वाळत घातलेल्या दिसतात. मोलगीचा आमचूर बाजारात नावाजलेला आहे. तुमच्या छोले-भटुऱ्यांतली आंबट चव इथूनही आली असेल, काय सांगावं! माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पण शिक्षक ही त्यांची अर्धीच ओळख. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचं पत्र, काहीही अडलं की आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं म्हणायची, “गुरुजींकडे जा.”

गुरुजी कॉम्प्युटरमध्ये कच्चे नव्हते हं! सरकारी नोकरीत एमएस-सीआयटी लागायचं, ते त्यांनी चांगल्या मार्कांनी केलेलं. सगळं शिक्षण विंडोज एक्सपीवर. त्याची एक दोनशे पानी वही होती, निळ्या शाईत, मार्जिन आखलेली. प्रत्येक पानावरची पहिली पायरी तीच : ‘स्टार्टवर क्लिक करा.’

2013 च्या दिवाळीत काकांनी नवा लॅपटॉप घेतला, तो विंडोज 8 वाला. वही उघडली, स्क्रीन उघडली. आणि स्टार्ट गायब!

आता थोडं फ्लॅशबॅकमध्ये जाऊ. डाव्या कोपऱ्यातलं ‘स्टार्ट’ हे बटण 24 ऑगस्ट 1995 ला, विंडोज 95 बरोबर आलं. पुढची सतरा वर्षं जगाने कॉम्प्युटरवर सगळं काही तिथूनच सुरू केलं. कॉम्प्युटर बंद करायलाही ‘स्टार्ट’च दाबायचं, हा जोक तर कॉलेजात प्रत्येकाने मारलेला. मग 2010 मध्ये आयपॅड आला आणि सगळ्यांना बोटांनी चालणाऱ्या स्क्रीनचे वेध लागले. त्याच वर्षीच्या विंडोज फोनवर टाइल्स दिसल्या आणि 26 ऑक्टोबर 2012 ला विंडोज 8 मधून त्या थेट कॉम्प्युटरवर येऊन बसल्या. चालू केल्याकेल्या पूर्ण पडदाभर चौकोन : मेल, फोटो, हवामान, बातम्या. नेहमीचा डेस्कटॉपसुद्धा त्यातलाच एक चौकोन! टॅबलेटवर हे झक्कास वाटायचं. माउस हातात असला की गाडी अडायची, कारण महत्त्वाच्या गोष्टी स्क्रीनच्या चार कोपऱ्यांत लपवलेल्या होत्या. खालच्या डाव्या कोपऱ्यात बाण नेला की स्टार्टचं छोटंसं चित्र वर यायचं. उजव्या कोपऱ्यात नेला की ‘चार्म्स’ नावाची पट्टी सरकत यायची : सर्च, शेअर, स्टार्ट, डिव्हायसेस, सेटिंग्ज. आणि कॉम्प्युटर बंद करायचं बटण? सेटिंग्जच्या आत, पॉवरच्या खाली. नुसत्या डोळ्यांनी यातलं काहीही दिसत नव्हतं. आंधळी कोशिंबीरच म्हणा ना!

काकांचा पहिला फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. एक परिपत्रक पीडीएफमध्ये आलं होतं, ते उघडल्यावर अख्खी स्क्रीन व्यापून बसलं होतं. वर फुली नाही, खाली पट्टी नाही.

“काका, उजव्या कोपऱ्यात जा.”

“गेलो.”

“काय दिसतं?”

“भिंत दिसते. अरे, मी लॅपटॉपच्या कोपऱ्यात गेलो की खोलीच्या, तुला काय कळणार?”

हसलो दोघंही. पण पुढचं वाक्य ऐकून माझा घास तोंडातच राहिला. “बाहेर दोन पोरं अर्ज घेऊन थांबलीत. त्यांना काय सांगू, गुरुजींना येत नाही म्हणून?”

त्यातच रेंज गेली.

कोपरा नको, नाव सांगा

त्या रात्री विचार केला. अडचण टाइल्सची नव्हतीच. चौकोनावर बोट ठेवायला कोणाला शिकवावं लागतं? अडचण होती कोपऱ्यांची. ज्या गोष्टीवर पाटी नाही, ती फोनवरून दाखवायची कशी? ‘थोडं वर, अजून वर, नाही नाही, गेलं ते’ यात रेंजही संपते आणि माणसाचा पेशन्सही. पण कीबोर्डवरच्या प्रत्येक बटणावर अक्षर छापलेलं असतं. ते सांगता येतं, लिहून घेता येतं, वहीत उतरवता येतं. म्हणून मी माउस हा शब्दच बंद केला आणि काकांना एसएमएस केला. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबा, की टाइल्स. तेच बटण आणि डी, की डेस्कटॉप. तेच आणि सी, की उजवीकडची पट्टी. तेच आणि एक्स, की कंट्रोल पॅनेल वगैरे अवजड मंडळींची यादी. पूर्ण स्क्रीन अडवून बसलेल्याला घालवायचं असेल तर ऑल्ट आणि एफ 4.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : ‘वहीत लिहिले. पहिले पान बदलले.’

सर्चचा किस्सा मात्र ऐकण्यासारखा आहे. विंडोज 8 मध्ये टाइल्सच्या पडद्यावर नुसतं टाइप करायला लागलं की शोध सुरू व्हायचा. माझ्या मते त्या सिस्टीममधली ही सगळ्यात भारी सोय, आणि तिचीही पाटी कुठे नव्हती! मी काकांना ‘वर्ड’चं स्पेलिंग टाइप करायला सांगितलं. ते म्हणाले, “दोन मात्रा आल्या, मग द, मग वेलांटी, मग पाय मोडला.” मला काही कळेना. मग ट्यूब पेटली : कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर होता! तिथे इंग्रजी डब्ल्यूच्या जागी दोन मात्रा असतात आणि ओच्या जागी द. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते. ही युक्ती विंडोज 8 नेच आणलेली. मराठीच्या बाबतीत या सिस्टीमवर अन्याय करू नये. निर्मला हा सुबक देवनागरी फॉन्टही विंडोज 8 बरोबरच आला, त्याआधी आपण सगळे मंगलवर दिवस काढत होतो.

मग काकांनी जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. मी स्वतः त्या टाइल्स होत्या तशाच ठेवून बाजूला सारल्या होत्या. त्यांनी त्यांचा बाजार मांडला. आठवडी बाजारात कसं, आमचूरवाला कुठे, भांडीवाला कुठे, हे पाटी वाचून नाही, जागेवरून कळतं, अगदी तसा. बातम्या आणि हवामानाच्या टाइल्स आपोआप बदलणं अपेक्षित होतं, पण त्याला नेट लागतं. नेट रुसलं की जुनीच बातमी दिवसभर. काकांनी त्या सरळ काढून टाकल्या. उरलेल्यांचे गट केले आणि गटांना नावं दिली : ‘शाळा’, ‘घर’ आणि ‘लोकांची कामं’. इंटरनेट एक्सप्लोररमधून वेबसाइटची टाइल करता यायची, म्हणून अर्जांच्या साइट्स तिसऱ्या गटात. 2015 मध्ये विद्यार्थ्यांची माहिती भरण्यासाठी राज्यात ‘सरल’ प्रणाली आली, तेव्हा तिची टाइल ‘शाळा’ गटात पहिल्या नंबरवर बसली. दुसऱ्या शाळांतले शिक्षक लॅपटॉप घेऊन काकांकडे यायला लागले. वहीच्या झेरॉक्स निघाल्या, बॉस!

बटण परत आलं, टाइल्स गेल्या

जगभरातून ओरड झाल्यावर 17 ऑक्टोबर 2013 ला आलेल्या विंडोज 8.1 मध्ये स्टार्टचं बटण परत आलं. अपडेट फुकट होतं, पण ते कित्येक जीबींचं डाउनलोड! मोलगीतल्या तेव्हाच्या नेटवर त्याचं नाव काढायची सोय नव्हती. काका आपले मूळ विंडोज 8 वरच राहिले. 29 जुलै 2015 ला विंडोज 10 मध्ये जुना मेनू आणि टाइल्स शेजारी-शेजारी बसल्या, आणि ही जोडी मला खरंच आवडायची. 5 ऑक्टोबर 2021 च्या विंडोज 11 ने टाइल्स काढूनच टाकल्या. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्टही संपला.

काका आता निवृत्त आहेत. नव्या लॅपटॉपवर विंडोज 11 आहे, आणि तुमच्या घरीही कोणी जुन्यावरून नव्यावर जाणार असेल तर एक सांगून ठेवतो. स्टार्टमध्ये एक आयकॉन दुसऱ्यावर ओढून सोडला की फोल्डर होतो, त्याला नाव देता येतं. मराठीतही. विंडोजचं बटण आणि डी, एक्स, स्पेसबार, ऑल्ट-एफ 4 या सगळ्या युक्त्या अजून जशाच्या तशा चालतात. वहीत फक्त सीची ओळ खोडावी लागली.