सुशीचा भात

सुशी म्हटली कीं डोळ्यांपुढें कच्ची मासळी उभी राहते. वस्तुतः सुशी म्हणजे सिरका लावलेला भात. जपानांत नुसत्या काकडीची सुशीही होते, तेव्हां शाकाहारी घरांसही ती वर्ज्य नाहीं.

आखूड, चिकट दाण्याचा जपानी तांदूळ पाणी निवळ येईपर्यंत धुवावा, अर्धा तास भिजवावा व किंचित् कमी पाण्यांत शिजवावा. ३ वाट्या तांदुळास अर्धी वाटी तांदळाचा सिरका, ३ मोठे चमचे साखर व दीड लहान चमचा मीठ पुरें. भात गरम असतांनाच पसरट लांकडी भांड्यांत काढून हें मिश्रण शिंपडावें, आणि पंख्यानें वारा घालीत उलथन्यानें कापल्यासारखा हलवावा. दहीभात कालवणारा आपला हात येथें आवरावा लागतो!

भात ओल्या फडक्याखालीं झांकून त्याच दिवशीं संपवावा. शीतकपाटांत पिष्ट ताठरून दाणा कडक होतो. साधा भात मात्र बाहेर ठेवणें आम्हांस धोक्याचें वाटतें. शिजवूनही न मरणारीं जंतुबीजें कोमट भातांत वाढतात, आणि त्यांचें विष पुन्हां तापविल्यानें जात नाहीं. सिरक्याची आंबटाई त्यांस आवरते. आंबट सोसत नाहीं म्हणून ज्या भगिनी सिरका निम्मा करितील, त्यांनीं भात लगेच संपवावा. रात्रीं फोडणीस घालूं या भरंवशावर पातेल्यांत ठेवूं नये.