बुळकांडीची लस व आजची टोचणी

बुळकांडीचें नांव आजच्या तरुण शेतकऱ्यानें केवळ ऐकलेलें असेल. परंतु पूर्वीं हा रोग गांवांत शिरला म्हणजे गोठेच्या गोठे ओस पडत. जनावरास ताप भरे, तोंडांत व्रण पडत, नाकाडोळ्यांतून स्राव वाहे व अखेर जुलाब लागून तें थोड्याच दिवसांत दगावे. बैल गेले कीं पेरणी राहिली, अशी स्थिति होई. हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याची घोषणा २०११ सालीं झाली. तें कसें साधलें हें समजल्यास आजच्या टोचणीचेंही मर्म कळेल.

बुळकांडींतून वांचलेल्या जनावरास तो रोग पुन्हां सहसा होत नसे. कारण त्याच्या रक्तांत रोगनाशक द्रव्यें उत्पन्न झालेलीं असत. अशा रक्तांतील पातळ भाग, म्हणजे रक्तजल, दुसऱ्या जनावरास टोचल्यास त्याचें रक्षण होई. पण ही शक्ति उसनी असल्यामुळें थोडे दिवसच टिके. म्हणून रक्तजलाबरोबर रोगी जनावराचें रक्तही टोचूं लागले. त्यानें टिकाऊ शक्ति येई, परंतु खरें रोगबीजच अंगांत जात असल्यामुळें धोका राही, व त्या रक्ताबरोबर दुसरे रोगही शिरत.

पुण्यास १८८९ सालीं स्थापन झालेली सरकारी प्रयोगशाळा १८९३ सालीं कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. तेथें एडवर्ड्स या शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत हें रोगबीज एकामागून एक अनेक शेळ्यांतून नेलें. त्यायोगें तें गाईबैलांस सौम्य झालें, पण प्रतिकारशक्ति उत्पन्न करण्याचा त्याचा गुण कायम राहिला. डोंगरी व विलायती गुरांस मात्र ही लस कडक पडे. पुढें प्लाउराइट यांनीं केनियांत त्याहून सौम्य लस तयार केली. आपल्या देशांत १९५४ सालीं बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू होऊन गांवोगांव टोचणी झाली. १९९५ नंतर येथें रोग आढळला नाहीं, व २००६ सालीं देश रोगमुक्त ठरला.

या यशास दोन गोष्टी अनुकूल होत्या. बुळकांडीच्या एकाच लसीनें सर्वत्र रक्षण होई, आणि एकदां टोचलेलें जनावर अनेक वर्षें सुरक्षित राही. लाळखुरकूत रोगाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या विषाणूचे सात प्रकार असून एकाची लस दुसऱ्यास उपयोगी पडत नाहीं. शिवाय ही लस मारलेल्या विषाणूंची असल्यामुळें तिची शक्ति सुमारें सहा महिनेच पुरते. यास्तव २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत दर सहा महिन्यांनीं टोचणी ठरविली आहे.

तेव्हां "मागील वर्षीं टोचलें होतें" एवढ्यावर शेतकऱ्यानें स्वस्थ राहूं नये. टोचल्यावर शक्ति येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून शेजारच्या गांवांत रोग येईपर्यंत वाट पाहणें घातक होय. दूध दोन दिवस घटेल या भीतीनें दुभती गाय मागें ठेवणारा आपल्याबरोबर शेजाऱ्याचाही गोठा संकटांत घालतो. बुळकांडी गेली ती गांवच्या गांव टोचणीस उभें राहिलें म्हणूनच.